झाडातला मासा

आमच्या ह्यांना सगळी गल्ली ‘हॅलो’ म्हणायची. लहान पोरं हॅलोकाका म्हणायची, त्यांचे आईबाप हॅलोसाहेब, आणि मी नवी नवरी म्हणून आले तर माझं बारसं झालं हॅलोवहिनी. सुरुवातीला कुणी हाक मारली की माझं डोकं फिरायचं. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी ह्यांच्याशी संसार करून शिकले.

हे टेलिफोन खात्यात होते. साहेबबिहेब कुठले, रस्त्यावरचे नाणं टाकून बोलायचे फोन दुरुस्त करायचे. आता ते फोन राहिलेत कुठे म्हणा. खांबाला टांगलेला तो लाल डबा, त्याची तेलकट वायर, आणि मागे उभं राहून ‘आटपा की हो’ म्हणणारी माणसं, सगळंच गेलं. सकाळी हे सायकलला चामडी पिशवी अडकवून निघायचे. पिशवीत किल्ल्यांचा जुडगा, स्क्रू ड्रायव्हर, दात घासायचा जुना ब्रश आणि स्पिरिटची बाटली. डबा उघडायचा, नाणं घरंगळायची आतली पन्हळ ब्रशने साफ करायची आणि रिसीव्हर कानाला लावून ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ असं ओरडायचं. ते ओरडणं इतकं अंगात भिनलं होतं की जेवताना मी ‘भाजी वाढू का?’ विचारलं तरी तंद्रीत ‘हॅलो?’ म्हणायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा, आणि भाजी तशीच हातात राहायची.

आमची ओळखही अशाच एका डब्यापाशी झाली. मी तेव्हा एका शिवणकामाच्या दुकानात काजं-बटणं करायचे. बहीण आजारी होती, तिची चौकशी करायला फोन लावला, तर मेल्याने नाणं गिळलं आणि गप्प बसला. मी पायातली चप्पल काढली आणि डब्याला हाणली. मागून एक हडकुळा माणूस सायकलवरून उतरला आणि शांतपणे म्हणाला, ‘ताई, त्याला नका मारू, त्याच्या पोटात दुखतंय.’ पहिल्याच भेटीत ताई म्हणाला तो माणूस, आणि पुढे त्याच्याच गळ्यात माळ घातली मी. आमच्या बहिणीने हा विषय आयुष्यभर पुरवला.

त्यांनी डबा उघडला. आत एक छोटा तराजूसारखा काटा असतो, नाण्याचं वजन बरोबर असेल तरच तो झुकतो आणि नाणं पुढे सोडतो. त्या काट्यावर एक नाणं घट्ट बसलं होतं, माझ्या आधी कुणीतरी टाकलेलं, आणि माझं बिचारं त्याच्यामागे अडकून पडलं होतं. ह्यांनी ते पहिलं नाणं चिमटीत धरून उजेडात नेलं आणि चेहरा एकदम उतरला. इकडेतिकडे पाहिलं, नाणं खिशात टाकलं, आणि दुसऱ्या खिशातून आपलं एक काढून डब्यात टाकलं. मी मनात म्हटलं, हा चोर आहे की वेडा आहे? चोर असता तर बदली नाणं कशाला टाकलं असतं. म्हणजे वेडाच. पण फोन लागला, बहीण बोलली, आणि मी त्याला वेड माफ करून टाकलं.

त्या वेडाचं कारण लग्नानंतर कळलं. कपाटात शर्टांच्या खाली बूटपॉलिशची एक चपटी डबी सापडली. मी उघडणार तेवढ्यात हे आले, दार लावून घेतलं, आणि मला खिडकीपाशी बसवून एकेक नाणं हातावर ठेवलं. आपलंच नेहमीचं नाणं, एका बाजूला झाड आणि दुसऱ्या बाजूला आकडा. पण तिरकं धरलं की झाडाच्या बुंध्यात माशाचं शेपूट दिसायचं. कुठे खवले, कुठे डोळा. आकड्याच्या मागे परक्या लिपीतली अर्धीमुर्धी अक्षरं. मला तर आधी वाटलं माझेच डोळे बिघडले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. माझे सासरे टांकसाळीत होते, नाण्यांवर छाप मारायच्या मशीनवर. मोठ्या मानाचं काम. आमची टांकसाळ तेव्हा परक्या देशांचीही नाणी पाडून द्यायची. कुठल्याशा लांबच्या बेटाची ऑर्डर होती, त्यांच्या नाण्यावर मासा. ती ऑर्डर संपली आणि त्याच लोखंडी पिंपांत आपल्या नाण्यांसाठी कोऱ्या चकत्या भरल्या. पिंपाच्या तळाशी सांध्यात माशाची काही नाणी अडकून राहिली होती. ऑर्डर बदलताना पिंप उलटं करायचं आणि सांध्यातून हात फिरवायचा, हा नियम. त्या दिवशी ते राहिलं. माशाची तयार नाणी चकत्यांबरोबर मशीनमध्ये गेली आणि माशावर झाड उमटलं. मशीनला काय कळतंय, तिच्यापुढे येईल त्यावर ती ठोका घालणार.

चौकशी झाली. काही नाणी आतच सापडली. बाहेर किती गेली, गेली की नाही, कुणालाच धड सांगता येईना. सासऱ्यांनी एकच वाक्य धरून ठेवलं, ‘माझ्या मशीनवरून असलं एकही नाणं बाहेर गेलेलं नाही.’ त्या वाक्यावर नोकरी वाचली, पण मशीन गेली. पुढची सगळी वर्षं त्यांना पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. कालपर्यंत ज्यांना सासरे काम शिकवायचे तीच माणसं त्यांना शिंपी म्हणायला लागली. घरी मात्र कुणी विषय काढला की बाबा ताठ बसायचे आणि तेच वाक्य म्हणायचे. घरातलं ते खांबासारखं वाक्य होतं, सगळं त्यावर उभं.

आणि ह्यांच्या हातात नोकरीच्या पहिल्याच वर्षी स्टेशनजवळच्या डब्यातून झाडातला मासा निघाला. बेटाचं नाणं आपल्यापेक्षा जाड, वजनाला जास्त, त्यामुळे ते फोनच्या काट्यावर अडायचंच. वाण्याच्या गल्ल्यात ते खुशाल फिरलं असतं, कुणी पाहिलंही नसतं. पण फोनमध्ये टाकलं की अडकणार, आणि अडकलं की दुरुस्तीला हे जाणार. बापाची चूक मुलाच्या हातात यायला दुसरी सोय कशाला लागते?

‘बाबांना कळता कामा नये,’ हे म्हणाले. ‘ह्यातलं एक जरी त्यांनी पाहिलं तर त्यांचं काही राहणार नाही.’

मी नवी होते, मला भरून आलं. मी म्हटलं, माझ्या तोंडून ब्र निघणार नाही. आणि खरंच नाही निघाला. मी बाकी घरातलं सगळं बोलते, हे मात्र नाही.

लोकांना वाटायचं, हॅलोला नाण्यांचा नाद आहे. नाद कसला डोंबलाचा. दुसऱ्या कुठल्या नाण्याकडे हे ढुंकूनही पाहायचे नाहीत. ह्यांना फक्त तो मासा हवा होता, आणि तोही जगातून उचलून डबीत कोंडायला. डब्यांतून मिळायचे ते मिळायचेच, पण पुढे कळलं की सुट्टीच्या दिवशी पोस्टाच्या मागे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथेही एखादा मासा येतो. झालं. दर सुट्टीला स्वारी तिकडे, कधीकधी मलाही बरोबर न्यायचे. तिथे एक भिंगवाला बसायचा, गळ्यात दोरीने भिंग अडकवलेला, बोलायला भारी गोड. चुकीची नाणी लोक चढ्या भावाने घेतात हे ह्यांना त्याच्याकडूनच कळलं. म्हणजे लोक मुद्दाम शोधणार. म्हणून हे आणखी घाईने घ्यायला लागले.

एकदा मी पडद्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या भिंगवाल्याच्या पेटीत गेले. मी काय करावं? आठवडाभर ह्यांच्याशी फक्त मिठापुरतं बोलले. मीठ देऊ, मीठ नको, एवढंच. खिडकीला जुनी चादर लावून ठेवली, मुद्दाम, फाटकी बाजू पुढे. ह्यांनी एक दिवस ती उलटी करून लावली आणि म्हणाले, ‘अशी बरी दिसते.’ ह्या माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा.

बाजारात बनवाबनवीही चालायची. कुणी दोन नाणी पकडीत घालून एकमेकांवर दाबायचं आणि मासा म्हणून विकायला आणायचं. हे एका नजरेत सांगायचे. दाबलेल्या नाण्यावर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आणि खोल उमटतात. खऱ्यावर ती सुलटीच असतात, नुसती झिजल्यासारखी, झाडाच्या खालून वर येऊ पाहणारी. भिंगवाला खूश झाला. त्याने बाजारभर सांगितलं की हा माणूस दर्दी आहे, झाडमाशाचा ह्याच्याइतका साठा कुणाकडे नाही. ह्यांनी लपवण्यासाठी जितकी नाणी घेतली तितकं नाव पसरत गेलं, आणि ह्या भोळ्या सांबाला ते कळलंच नाही.

बाबा आमच्याकडेच राहायचे. मशीनच्या धडधडाटाने कान गेले होते, म्हणून मोठ्याने बोलावं लागायचं, आणि मोतीबिंदूमुळे नजरही मंदावली होती. दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायचे. मला सूनबाई म्हणायचे. चहात साखर कमी पडली तर कप परत यायचा, एक शब्द न बोलता. माझं त्यांच्याशी कधी पटायचं, कधी नाही, पण त्यांनी मला कधी परकं मानलं नाही. ते आणि हे असे दोघं समोरासमोर बसले की फारसं बोलायचे नाहीत. मला वाटायचं, बापलेकांचं असंच असतं. आता वाटतं, एवढी मोठी गोष्ट मध्ये ठेवून माणसं बोलणार तरी काय?

फोन काढायला सुरुवात झाली त्या वर्षाची गोष्ट. ज्याच्या त्याच्या खिशात फोन आले होते, लाल डबे गंजत पडले होते. खात्याने ह्यांनाच ते उतरवायचं काम दिलं. आयुष्यभर ज्याला जगवलं त्यालाच खांबावरून काढायचं. हे रोज संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, आज इस्पितळाजवळचा काढला, आज बागेजवळचा. इस्पितळाजवळच्या डब्यातली नाणी नेहमी घामाने ओली असायची म्हणे. मुलींच्या शाळेजवळच्या डब्याची वायर सतत पिळलेली असायची, बोलताना बोटाला गुंडाळून गुंडाळून. असं काहीबाही आठवत बसायचे आणि ताटातलं गार व्हायचं. मलाही वाईट वाटत होतं.

अशाच एका दुपारी मी मोरीत भांडी घासत होते. दाराशी कुणीतरी आलं आणि मला तो गोड आवाज ऐकू आला. बाजाराबाहेर मी तो कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला. भिंगवाला. हात साबणाचे तसेच ठेवून मी धावले, पण तोवर त्याचं निम्मं बोलून झालं होतं. नाण्यांचं प्रदर्शन भरणार आहे, तुमच्या चिरंजिवांकडे झाडमाशाचा केवढा मोठा संग्रह आहे, तो त्यांनी मांडावा म्हणून मुद्दाम आलोय. बाबांना ऐकू येत नव्हतं म्हणून तो आणखी मोठ्याने सांगत होता. जिन्यातल्या भिंतींनाही कळलं असेल. आणि मी काही बोलायच्या आत त्याने खिशातून स्वतःकडचा एक झाडमासा काढला आणि बाबांच्या तळहातावर ठेवला.

बाबांनी ते नाणं डोळ्यांशी नेलं नाही. अंगठा फिरवला. एकदा झाडावर, मग कडेवर, मग परत झाडावर. मी तिथेच उभी, हातांवरून साबणाचं पाणी जमिनीवर गळतंय. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. बाबांनी त्याला विचारलं, चहा घेणार का? तो नको म्हणाला. बाबांनी नाणं परत केलं, मुलगा संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं, आणि तो गेला.

‘सूनबाई, तो संग्रह कुठे असतो?’

मी म्हटलं, कसला संग्रह? तर म्हणाले, खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही. मग मी म्हटलं, हे आले की देतील, मी नाही द्यायची. त्यावर त्यांनी मान हलवली आणि उरलेली दुपार खुर्चीत बसून राहिले. चहा दिला तो एका घोटात प्यायले. साखर घालायला मी विसरले होते, तरी कप परत आला नाही.

संध्याकाळी सायकलचा आवाज आला तशी मी जिना उतरून खाली गेले आणि ह्यांना सांगितलं. पिशवी सायकलवरून काढायचीही शुद्ध राहिली नाही. वर आले, कपाट उघडलं, डबी घेतली आणि बापासमोर जमिनीवर बसले. शाळेतून मार्क लपवून आणलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता. बाबांनी डबी मांडीवर ओतली. एकेक नाणं उचलायचं, अंगठा फिरवायचा, आणि बाजूला लुंगीच्या घडीवर ठेवायचं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

हे म्हणाले, बाबा, माफ करा, तुम्हाला कळू नये म्हणून मी सगळी गोळा करत होतो, तुमचा शब्द खोटा पडू नये म्हणून.

‘शब्द खोटाच होता,’ बाबा म्हणाले. ‘पिंपात हात फिरवला नव्हता मी. जेवणाची सुट्टी झाली होती, भूक लागली होती, गेलो डबा खायला. चौकशीत खरं बोललो असतो तर तुम्ही पोरं उपाशी राहिला असतात. एकदा तसं म्हटलं, मग म्हणतच राहावं लागलं.’

मग त्यांनी एक नाणं ह्यांच्यासमोर धरलं.

‘सुताराला विचार, तो दार दाखवतो, हे मी केलं म्हणतो. शिंपी कपडा दाखवतो. मी आयुष्यभर काय केलं? पोत्यांनी नाणी पाडली. त्यातलं एक तरी माझं म्हणून ओळखता येतं का? सगळी सारखी. कुणीही पाडलेली असतील. पण ही माझी. त्या दिवशी त्या मशीनवर मीच होतो. जगात एवढीच आहेत, जी बघितली की मला कळतं, ही मी पाडली.’

ह्यांनी ते नाणं हातात घेतलं. बाबाच पुढे म्हणाले.

‘रिटायर झाल्यापासून शोधतोय रे. वाण्याकडून, दूधवाल्याकडून, सूनबाईच्या पाकिटातून, जिथून सुट्टे आले तिथे प्रत्येक नाणं चाचपून पाहिलं. म्हटलं, मरायच्या आत एक तरी हाताला लागावं. एकही नाही मिळालं मला कधी.’

मला वाटायचं, म्हातारा माझा हिशोब तपासतोय. किती वेळा मनात चिडले होते मी त्यांच्यावर. आणि हे, ते कोपऱ्याकोपऱ्यावरच्या डब्यांतून आणि बाजारातून एकेक मासा उचलत होते, बापाच्या हाताला लागू नये म्हणून. ह्यांनी बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखे रडले. बाबांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, पण नजर मांडीवरच्या नाण्यांवरच होती. खरं सांगते, मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. एवढी वर्षं एका घरात राहून माणसं एकमेकांना इतकं कसं काय सांभाळतात, की विचारतच नाहीत?

प्रदर्शनाला काही दिलं नाही. बाबांनी एक नाणं सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं आणि त्यानंतर आमच्या दारावरून कुणाची सुटका राहिली नाही. दूधवाला, वीजमीटर बघायला येणारा, वरच्या मजल्यावरची आजी, सगळ्यांना थांबवून नाणं हातात द्यायचे आणि म्हणायचे, तिरकं धरा, आता झाडात बघा. कुणाला मासा दिसायचा, कुणाला नाही, पण बाबांना त्याचं काही नव्हतं. त्या महिन्यांत ते आणि हे जेवढं बोलले तेवढं आख्ख्या आयुष्यात बोलले नसतील. मशीनची, पिंपांची, हाताखालच्या माणसांची सगळी बडबड. फोनचे डबे संपल्यामुळे ह्यांनाही आता वेळ होता. पण बाबांची तब्येत खालावत चालली होती, दिवस फार उरले नव्हते, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

शेवटी इस्पितळात ठेवावं लागलं. तिथेही खाटेवरून तपासायला आलेल्या डॉक्टरच्या हातात नाणं गेलंच. डॉक्टर तरुण होता, मनाने चांगला होता. घाईत असूनही त्याने ते उजेडात धरून नीट पाहिलं आणि म्हणाला, आजोबा, कमाल आहे, ही चूक कुणाची?

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाटेच्या पायाशी उभे होते.

बाबांना ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी वाकून डॉक्टरांचा प्रश्न परत सांगितला. बाबा उशीवरून थोडे वर सरकले, सदरा नीट केला, आणि शेजारच्या खाटांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, ‘माझी. दुसऱ्या कुणाची नाही, डॉक्टर. माझीच.’

हे बाहेर निघून गेले. मी थोड्या वेळाने जाऊन पाहिलं, तर जिथे पूर्वी ह्यांचा फोनचा डबा होता त्या खांबाला टेकून रडत उभे होते, आणि येणारेजाणारे काय झालं म्हणून विचारत होते.